एलसी घ्यावी का? लेटर ऑफ क्रेडिट या बँक सेवेचं परीक्षण

परदेशातला खरेदीदार नवा आहे, ऑर्डर मोठी आहे आणि माल त्याच्याच मापाने बनवायचा आहे, म्हणजे सौदा फिसकटला तर तो दुसऱ्या कुणाला विकता येणार नाही. अशा वेळी लेटर ऑफ क्रेडिटइतकी भरवशाची दुसरी सोय नाही. पण खरेदीदार वर्षानुवर्षांच्या ओळखीचा असेल आणि दर महिन्याला लहान लहान खेपा जात असतील, तर हीच सेवा महाग आणि वेळखाऊ वाटू लागते. पाचपैकी गुण द्यायचे तर पहिल्या प्रसंगात साडेचार, दुसऱ्यात दोन. त्यातही साडेचार गुण पदरात पडतात ते एलसी आली त्याच दिवशी ती ओळ न् ओळ वाचणाऱ्याच्या. फायलीत लावून ठेवणाऱ्याला ती ऐन वेळी दगा देते.

पैसे देऊन नेमकं काय मिळतं

एलसी म्हणजे खरेदीदाराच्या बँकेने विक्रेत्याला दिलेला शब्द. ठरलेली कागदपत्रं, ठरलेल्या मुदतीत, ठरल्याबरहुकूम आली की पैसे मिळणार. मधल्या काळात बाजारभाव पडला, खरेदीदाराचं मन फिरलं किंवा त्याचं दिवाळं वाजलं, तरी बँक बांधलेली राहते. यासाठीची नियमावली इंटरनॅशनल चेंबर ऑफ कॉमर्सची आहे. तिची पहिली आवृत्ती १९३३ सालची. सध्याची यूसीपी ६०० ही १ जुलै २००७ पासून लागू आहे आणि तिच्यात ३९ कलमं आहेत. एलसीवर तसं लिहिलेलं नसलं तरी ती अपरिवर्तनीय असते, म्हणजे विक्रेत्याच्या संमतीशिवाय ती रद्द करता येत नाही आणि तिच्यात बदलही करता येत नाही.

सगळ्यात जास्त गैरसमज कलम ४ आणि ५ बद्दल असतात. बँकेचा संबंध कागदांशी असतो. मालाशी नाही आणि खरेदी-विक्रीच्या कराराशीही नाही. कंटेनर उघडून आत काय आहे हे बँक कधीच बघत नाही. न्यूयॉर्कमध्ये १९४१ साली गाजलेल्या एका खटल्यात तक्रार अशी होती, की ब्रशासाठी लागणारे राठ केस मागवले होते, पण पेट्यांत गाईचे केस आणि कचरा भरून आला. कागद मात्र अगदी बिनचूक होते. विक्रेत्याची फसवणूक पैसे देण्याआधीच बँकेच्या कानावर आली असेल तर पैसे रोखता येतात, हे तत्त्व त्या निकालाने घालून दिलं. पण माल ठरल्यापेक्षा हलका निघाला किंवा रंगाची छटा वेगळी आली, एवढ्यावर तो अपवाद लागू होत नाही. तो वाद खरेदीदार आणि विक्रेत्याने आपसात मिटवायचा. म्हणून खरेदीदाराच्या बाजूने पाहिलं तर ही सेवा मालाच्या दर्जाची हमी नाही. ज्याला ती हमी हवी, त्याने कागदांच्या यादीत स्वतंत्र तपासणी संस्थेचा दाखला मागून घ्यावा आणि त्यात काय काय तपासलेलं असावं हेही एलसीतच लिहून घ्यावं. ‘इन्स्पेक्शन सर्टिफिकेट’ एवढंच लिहिलं तर कुणाचाही, कसलाही दाखला चालून जातो.

एलसी आली त्या दिवशी

एलसी स्विफ्ट या बँकांच्या संदेश-जाळ्यावरून एमटी ७०० या संदेशाने येते आणि विक्रेत्याच्या हाती पडते ती अ‍ॅडव्हायझिंग बँकेमार्फत. संदेश खरा आहे याची वरकरणी खात्री करून घेणं एवढीच या बँकेची जबाबदारी. ती पैशाची हमी देत नाही. खरेदीदाराने थेट ईमेलवर पाठवलेली पीडीएफ म्हणजे एलसी नव्हे, आणि एमटी ७९९ हा तर नुसता बँकांमधला मोकळा निरोप असतो. ‘सविस्तर मजकूर मागाहून’ असं लिहिलेला संदेशही चालू एलसी धरला जात नाही. यातल्या कशावरही भरवसा ठेवून उत्पादन सुरू करू नये.

संदेशातले तीन रकाने एकत्र वाचायचे: ३१डी मध्ये मुदत संपण्याची तारीख आणि ठिकाण, ४४सी मध्ये शिपमेंटची शेवटची तारीख, ४८ मध्ये शिपमेंटनंतर किती दिवसांत कागद द्यायचे ते. समजा शेवटची शिपमेंट ३० जून, मुदत १५ जुलै आणि ४८ मध्ये १५ दिवस दिले आहेत. माल लवकर तयार झाला आणि बिल ऑफ लेडिंगवर (बीएल, म्हणजे जहाज कंपनीने माल घेतल्याची पावती, जी दाखवून माल सोडवता येतो) २० जून ही तारीख पडली, तर कागद ५ जुलैपर्यंत बँकेत गेले पाहिजेत. १५ जुलैची मुदत डोळ्यांसमोर ठेवून निवांत राहणारे इथेच फसतात. ४८ चा रकाना रिकामा असेल तर नियमाने २१ दिवस मिळतात, पण एलसीची मुदत ओलांडून नाही. शेवटच्या दिवशी बँकेला सुट्टी असेल तर सादर करण्याची मुदत पुढच्या कामाच्या दिवसावर जाते. शिपमेंटच्या शेवटच्या तारखेला मात्र ही सवलत नाही.

३१डी मधलं ठिकाण घाईत सुटून जातं. तिथे खरेदीदाराचा देश लिहिला असेल, तर त्या तारखेला कागद तिकडच्या बँकेच्या टेबलावर पोचलेले हवेत. कुरियरचे चार-पाच दिवस विक्रेत्याच्या मुदतीतून जातात आणि वाटेत पाकीट अडकलं तर तो धोकाही त्याच्याच माथी. ठिकाण विक्रेत्याच्या देशातलं आणि ४१ च्या रकान्यात ‘कोणतीही बँक, निगोशिएशनने’ (म्हणजे कागद घेऊन आगाऊ पैसे देणारी) किंवा जवळची एखादी नामनिर्देशित, म्हणजे कागद घेण्यासाठी एलसीत नेमलेली, बँक असेल, तर सेवा खऱ्या अर्थाने उपयोगी पडते. तिथे फक्त खरेदीदाराच्या बँकेचं नाव असेल, तर विक्रेत्याची बँक केवळ टपाल पुढे पाठवणारी उरते.

बंदराचं एकच नाव दिलेलं असेल तर ‘त्या देशातलं कोणतंही बंदर’ असं करून घ्यावं. जहाजाचं वेळापत्रक बदललं की या एका ओळीमुळे सुटका होते. ट्रान्सशिपमेंटला, म्हणजे वाटेत माल एका जहाजावरून दुसऱ्यावर चढवायला, मनाई असली तर घाबरून जायचं कारण नाही. माल कंटेनरमध्ये गेल्याचं बिल ऑफ लेडिंगवरून दिसत असेल, तर ‘ट्रान्सशिपमेंट होईल’ असा उल्लेख असूनही तो कागद कलम २० खाली स्वीकारला जातो.

४६ए आणि ४७ए, म्हणजे कागदांची यादी आणि जादा अटी, यांना निम्मा वेळ द्यावा. खऱ्या सापळ्यांची जागा हीच. खरेदीदाराने स्वतः सही केलेला आणि ती सही बँकेतल्या नमुन्याशी जुळणारा तपासणी दाखला मागितला असेल, तर पैसे द्यायचे की नाही हे पुन्हा खरेदीदाराच्याच हातात गेलं. ‘तीनपैकी एक मूळ बिल ऑफ लेडिंग थेट खरेदीदाराला पाठवा’ ही अट तर माल आधी सोडून देण्यासारखीच. त्या एका प्रतीवर तो बंदरातून माल उचलू शकतो, मग बँकेने कागद नाकारले तरी त्याला काय फरक पडतो? ‘सीमाशुल्क मंजुरीनंतरच पैसे’ किंवा ‘आमच्याकडून पुढील सूचना आल्यावरच एलसी लागू’ या ओळी दिसल्या तर त्या काढून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये. ज्या अटीसाठी कोणताच कागद मागितलेला नाही, तिच्याकडे कलम १४ प्रमाणे बँकेने दुर्लक्ष करायचं असतं. तरी अशी अट शिल्लक ठेवून वादाला तोंड फोडण्यापेक्षा ती आधीच वगळून घेणं बरं.

दुरुस्ती एमटी ७०७ ने येते. एलसी जारी करणारी खरेदीदाराची बँक, तिच्या जोडीला स्वतःचा शब्द देणारी (कन्फर्म करणारी) बँक असेल तर ती आणि विक्रेता, या सगळ्यांची संमती लागते. विक्रेता गप्प राहिला म्हणजे त्याने मान्यता दिली असं धरता येत नाही. मात्र त्याने सादर केलेले कागद दुरुस्तीप्रमाणे असले, तर ती मान्य झाली असं समजलं जातं. एका दुरुस्तीतला अर्धा भाग घ्यायचा आणि अर्धा सोडायचा, असंही चालत नाही. ‘काळजी करू नका, आम्ही कागद स्वीकारू, माल पाठवा’ हा खरेदीदाराचा मेल कितीही मनापासून आलेला असला, तरी बँकेच्या लेखी त्याला किंमत नाही. एमटी ७०७ हातात येईपर्यंत माल बंदरातून हलू देऊ नये.

कागद कुठे नापास होतात

इनव्हॉइसवरचं मालाचं वर्णन एलसीच्या ४५ए या रकान्यातल्या वर्णनाशी जुळलंच पाहिजे. बाकीच्या कागदांवर विसंगत नसलेलं सर्वसाधारण वर्णनही पुरतं. एलसीत ‘स्टेनलेस स्टील पाइप फिटिंग्ज, ग्रेड ३०४’ असेल आणि इनव्हॉइसवर कारखान्यातल्या सवयीने ‘एसएस फिटिंग्ज ३०४’ पडलं, तर बँकेला बोट ठेवायला जागा मिळते. वर्णन संदेशातून जसंच्या तसं उचलावं, अगदी त्यातल्या विचित्र स्पेलिंगसकट. टंकलेखनाच्या चुकांबाबत चेंबरने २०१३ मध्ये काढलेल्या आयएसबीपी ७४५ या मार्गदर्शिकेत स्पष्टता आहे. ‘मशीन’ या शब्दाच्या इंग्रजी स्पेलिंगमधलं एक अक्षर चुकलं तर ती त्रुटी धरत नाहीत, पण ‘मॉडेल ३२१’ च्या जागी ‘मॉडेल १२३’ आलं तर धरतात. पहिल्या चुकीने अर्थ बदलत नाही. दुसऱ्या चुकीने मालच वेगळा ठरतो. इनव्हॉइसचं चलन एलसीचंच हवं आणि त्यावर खरेदीदाराचं नाव हवं. सहीची गरज मात्र नसते, एलसीत मागितली असेल तरच लागते.

बिल ऑफ लेडिंग हा सगळ्यात नाजूक कागद. त्यावर वाहतूक कंपनीचं नाव दिसलं पाहिजे, आणि सही एजंटाची असेल तर तो ‘अमुक कॅरियरच्या वतीने’ सही करतोय हे लिहिलेलं हवं. नुसता एजंटाचा शिक्का आणि खाली सही, हे कागद परत येण्याचं नेहमीचं कारण आहे. माल जहाजावर चढल्याची नोंद हवी, तीही एलसीत दिलेल्या बंदरावरची. ‘टू ऑर्डर’ बीएल, म्हणजे मागे सही करून दुसऱ्याच्या नावे करता येणारं, असेल तर शिपरने (माल पाठवणाऱ्याने) मागे सही केलेली हवी. ही सही विसरली जाते, कारण पुढची बाजू दहा जण तपासतात आणि कागद उलटून कुणी बघत नाही. जितक्या मूळ प्रती काढल्याचं बीएलवर लिहिलंय, तितक्या सगळ्या द्याव्या लागतात. ‘क्लीन’ हा शब्द छापलेला असण्याची गरज नाही, पण ‘पेट्या फुटलेल्या’, ‘गोण्या ओल्या’ असा शेरा पडला की कागद गेलाच. सौदा एफओबीचा (जहाजाचं भाडं खरेदीदाराचं) आणि एलसीत मात्र ‘फ्रेट प्रीपेड’ (भाडं आधीच भरलेलं) मागितलेलं, असा विरोधाभासही पुष्कळदा आढळतो. जहाजाचं भाडं खरेदीदार भरणार असेल, तर दुरुस्ती मागून तिथे ‘फ्रेट कलेक्ट’ करून घ्यावं.

विम्याबद्दल थोडक्यात. एलसी वेगळं काही सांगत नसेल तर संरक्षण सीआयएफ किंवा सीआयपी मूल्याच्या (माल, भाडं आणि विमा धरून होणाऱ्या किमतीच्या) किमान ११० टक्के, चलन एलसीचं आणि तारीख शिपमेंटच्या नंतरची नको. उशिरा निघालेल्या पॉलिसीवर ‘संरक्षण शिपमेंटच्या तारखेपासून’ असं दिसत असेल तरच ती चालते. कव्हर नोट, म्हणजे पॉलिसीआधीची तात्पुरती चिठ्ठी, चालत नाही.

प्रमाणातल्या सवलतीत भलेभले गोंधळतात. माल टनात किंवा लिटरमध्ये असेल तर ५ टक्के कमी-जास्त चालतं. ‘५०० पेट्या’ किंवा ‘२०० नग’ असेल तर ही सूट लागू नाही. आणि सूट प्रमाणाला असते, एकूण रकमेची मर्यादा तिने वाढत नाही. एलसी १०० टनांची, दर टनाला १,००० डॉलर आणि रक्कम १,००,००० डॉलर आहे असं धरा. ९७ टन पाठवले आणि ९७,००० चं बिल केलं, तर चालतं. १०४ टन पाठवले तर प्रमाण नियमात बसतं, पण बिल १,००,००० च्या वर जाऊ शकत नाही. वरच्या ४ टनांचे पैसे एलसीतून मिळणार नाहीत. रकमेपुढे आणि प्रमाणापुढे, दोन्हीकडे ‘सुमारे’ असा शब्द असेल तर दोन्हींना १० टक्क्यांची मोकळीक मिळते. सुटा माल विकणाऱ्याने तो दोन्हीकडे मागूनच घ्यावा.

त्रुटी निघाली तर

कागद दिल्याच्या दुसऱ्या दिवसापासून बँकेला जास्तीत जास्त ५ कामाचे दिवस मिळतात. नाकारायचे असतील तर एकच नोटीस द्यायची, तिच्यात प्रत्येक त्रुटी वेगळी लिहायची आणि कागद कुठे ठेवलेत तेही सांगायचं. सहाव्या दिवशी नोटीस आली किंवा आधीच्या नोटिशीत नसलेली त्रुटी नंतर काढली, तर बँकेला कागद नाकारता येत नाहीत. नियमावलीतलं विक्रेत्याच्या सगळ्यात कामाचं कलम हे, १६ वं. पण ते वापरायचं तर कागद कोणत्या दिवशी पोचले याचा पुरावा हातात लागतो. म्हणून कुरियरची पोच जपून ठेवावी.

मुदत शिल्लक असेल तर दुरुस्त कागद पुन्हा देणं हा सर्वांत चांगला मार्ग. त्यासाठीच माल निघाल्यावर दोन-तीन दिवसांत कागद बँकेत द्यावेत. शेवटच्या दिवशी दिले तर चूक सुधारायला जागाच उरत नाही. उशिरा शिपमेंटसारखी न सुधारता येणारी चूक असेल, तर जारी करणारी बँक खरेदीदाराला माफी देणार का असं विचारू शकते, पण विचारायलाच हवं असं बंधन तिच्यावर नाही. इथून पुढे हमी संपली आणि खरेदीदाराची मर्जी सुरू झाली असं समजावं. बाजारभाव उतरलेले असतील तर याच टप्प्यावर सूट मागितली जाते. वर प्रत्येक सदोष संचामागे बँक आपलं त्रुटी-शुल्क बिलातून कापून घेते.

कन्फर्मेशन आणि खर्च

जारी करणारी बँक फारशी माहीत नसेल किंवा त्या देशात परकीय चलनाची चणचण असेल, तर आपल्याकडच्या बँकेचं कन्फर्मेशन घ्यावं. त्याने दुसऱ्या बँकेचा स्वतंत्र शब्द मिळतो. मात्र कागद त्या बँकेकडे किंवा नामनिर्देशित बँकेकडेच सादर करायला हवेत. घाईत थेट परदेशी बँकेला पाठवले तर कन्फर्म करणारी बँक बांधील राहत नाही आणि तिला दिलेलं शुल्क पाण्यात जातं. कागदातल्या त्रुटींवर कन्फर्मेशन हा उपाय नाही.

खर्चाची यादी लांब असते: उघडण्याचं कमिशन, जे सहसा तिमाहीवर मोजतात, अ‍ॅडव्हायझिंग, कन्फर्मेशन, प्रत्येक दुरुस्ती, निगोशिएशन, स्विफ्ट, कुरियर. ७१डी मध्ये ‘जारी करणाऱ्या देशाबाहेरचे सर्व खर्च विक्रेत्याचे’ असं बहुतेक वेळा लिहिलेलं असतं. दर सांगण्याआधीच हे खर्च त्यात धरावेत. खरेदीदाराच्या बाजूने पाहिलं तर त्याची बँक मर्यादा अडकते किंवा मार्जिनचे, म्हणजे बँकेत आगाऊ ठेवलेले, पैसे बांधले जातात. शिवाय मूळ बीएल येण्याआधी बँकेची शिपिंग गॅरंटी (बीएलशिवाय माल सोडावा म्हणून जहाज कंपनीला दिलेली हमी) घेऊन माल सोडवला, तर नंतर त्याच कागदांत त्रुटी काढून पैसे थांबवण्याची वाट त्याला बंद होते.

एलसीऐवजी काय

आगाऊ पैसे विक्रेत्याला सोयीचे असतात, पण सगळा धोका खरेदीदारावर जातो. मधला रस्ता म्हणजे ३० टक्के आगाऊ घेऊन उरलेले एलसीवर ठेवणं, आणि आगाऊ रकमेपुरती विक्रेत्याने बँक गॅरंटी देणं.

डीपी आणि डीए या बँकेमार्फत वसुलीच्या पद्धतींना यूआरसी ५२२ ही १ जानेवारी १९९६ पासूनची नियमावली लागू होते. डीपीत पैसे भरल्यावर कागद मिळतात, डीएत मुदतीची हुंडी स्वीकारल्यावर. दोन्हींत बँक फक्त वसुली करते, स्वतःच्या खिशातून काही देत नाही. शुल्क एलसीपेक्षा बरंच कमी आणि समुद्रमार्गे जाणाऱ्या मालाला डीपी ठीक, कारण मूळ बीएलशिवाय माल सुटत नाही. तरी खरेदीदाराने कागद उचललेच नाहीत तर परक्या बंदरात पडून राहिलेल्या मालाचं भाडं आणि परत आणण्याचा खर्च विक्रेत्यावर येतो. विमानाने जाणाऱ्या मालाला डीपी निरुपयोगी आहे: एअर वेबिल हा मालकीचा कागद नाही, ज्याचं नाव कन्सायनी (माल घेणारा) म्हणून असेल तो बँकेकडे न फिरकताही माल घेऊन जातो. बँकेला कन्सायनी करायचं तर तिची आगाऊ संमती लागते. डीए घ्यायचंच असेल तर हुंडीवर खरेदीदाराच्या बँकेचा अवाल, म्हणजे हमीची सही, मागावी.

ओपन अकाउंटमध्ये माल आणि कागद थेट खरेदीदाराकडे जातात, पैसे ६० किंवा ९० दिवसांनी येतात. जुन्या गिऱ्हाइकाशी हेच परवडतं, मात्र निर्यात पतविमा (पैसे बुडण्याविरुद्धचा विमा) किंवा फॅक्टरिंग (येणं बिल वित्तसंस्थेला विकणं) जोडून. दर महिन्याला खेप जात असेल तर पाठीमागे एक स्टँडबाय एलसी ठेवावी. रोजचे पैसे साध्या वायरने (बँक ट्रान्सफरने) येतात आणि एखाद्या महिन्यात आले नाहीत तर थकबाकीच्या दाखल्यावर स्टँडबाय वटवता येते. दर खेपेला कागदांचा संच तपासून घेण्याची दगदग वाचते.

वायरने पैसे पाठवताना शुल्काचा पर्याय करारातच लिहावा. ‘शा’ (SHA, शुल्क दोघांत वाटलेलं) मध्ये वाटेतल्या बँका आपापलं शुल्क मूळ रकमेतून कापतात आणि विक्रेत्याला बिलापेक्षा कमी पैसे मिळतात. ‘अवर’ (OUR) मध्ये ते पाठवणाऱ्याने भरायचं असतं. आणि ‘आमचं बँक खातं बदललं आहे, पुढचे पैसे या नव्या खात्यात पाठवा’ असा मेल आला, तर त्या मेलमधल्या नंबरवर फोन करू नये. आपल्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर ओळखीच्या माणसाशी बोलून खात्री करावी आणि ती होईपर्यंत एक पैसाही सोडू नये.